दोरी बांधणाऱ्यांनो, आभार

मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पावर, दोस ओहोस सेनोतेत, म्हणजे पाण्यानं भरलेल्या गुहेत, डायव्हिंग करताना माझा पाय जरा जोरात हलला आणि तळाचा गाळ उठला. टॉर्च असून नसल्यासारखा. वाट दाखवायला गुहेत बांधलेली दोरी हाताखाली होती म्हणून निभावलं. चाचपडताना बोटांना प्लास्टिकचा त्रिकोणी बाण लागला, टोक बाहेरच्या वाटेकडे. स्पर्शानं वाचायची पाटीच ती! दोरी कुणी ताणली, बाण कुणी अडकवला, ठाऊक नाही. माझा दंड धरून, जराही घाई न करता उजेडापर्यंत आणणारे तुम्ही कोण, तेही विचारायचं राहिलं.

टाकीतल्या हवेचा एक हिस्सा जायला, एक परतायला, एक अडचणीसाठी, हे उतरण्याआधी दोनदा वदवून घेणाऱ्या गाइडताई, तेव्हा मी मनात हसलो होतो. माफ करा, आणि मनापासून आभार.