उन्हाळी शिबिर आणि कुलूपबंद पेटी

महोदय,

एप्रिल उजाडला की पेपरातून क्रीडा शिबिरांची पत्रकं घसरून पडतात. स्मृती मानधना सांगलीत वाढली, त्यामुळे बहुतेकांवर बॅट असतेच, असो. नातीसाठी एका ठिकाणी चौकशीला गेलो. टी-शर्टचा साइज लगेच विचारला, दम्याचा त्रास आहे का ते नाही. एका प्रशिक्षकामागे मुलं किती? ‘काका, काळजी करू नका!’ प्रथमोपचाराच्या पेटीला कुलूप, किल्ली सरांच्या घरी. पालकांनी पैसे भरण्याआधी एक सकाळ तिथे उभं राहावं. पिण्याचं पाणी, सावली, ऊन चढण्याआधी मुलांना सोडतात का, सगळं कळतं. पोहणं असेल तर जीवरक्षक मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला नसावा. महापालिकेने अशा शिबिरांची नोंदणी सक्तीची करावी.

– एक आजोबा, विश्रामबाग, सांगली