आकडा हलला नाही म्हणून

शिवाजी पेठ, कोल्हापूर

प्रिय बंडू,

तुझं पत्र मिळालं. सिगारेट सुटली हे वाचून लई बरं वाटलं, पण पुढच्या ओळीनं डोकं फिरलं. ‘बीपी तर आहे तिथंच आहे, मग सोडून काय मिळवलं?’ अरे मर्दा, एवढ्यावर हात टेकलेस होय? औषधाच्या दुकानात बसून मी रोज लोकांचं बीपी बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तू शाळेपासून कुणाचं ऐकलेलं नाहीस, ते सोड.

झुरका मारला की निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं. अंगात अ‍ॅड्रेनलिन सुटतं, रक्तवाहिन्या आवळतात, ठोके वाढतात, बीपी चढतं. वीसेक मिनिटांत ते उतरायला लागतं, तोवर गडी पुढची पेटवतो. आमच्या गल्लीतले एक काका टपरीवरून थेट दुकानात येतात. बोटांना वास तसाच, आणि उभ्या उभ्याच बाही वर सरकवतात. परवा वरचा आकडा १५४ आला. म्हटलं, काका, आधी बसा. पाठ खुर्चीला टेकवून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर, आणि तोंड बंद. तोंड बंद ठेवणंच त्यांना जड गेलं. अर्ध्या तासानं पुन्हा घेतलं, १३८.

आता तुझं बघ. डॉक्टरांच्या बाकावर तू तासभर ताटकळायचास, तिथं काय सिगारेट पेटवत नव्हतास. म्हणजे कागदावर यायचा तो उतरलेला आकडा. दिवसभर ऑफिसखाली जो चढायचा, तो कुणी मोजलाच नव्हता. त्यामुळं दवाखान्यातला जुना आकडा आणि आताचा आकडा शेजारी ठेवून काही कळणार नाही. सिगारेट सोडल्यावर असं रीडिंग बऱ्याच जणांचं फारसं हलत नाही.

दुसरं कारण तुझ्या पोटावर आहे. वहिनी फोनवर म्हणाल्या, पँटा सगळ्या घट्ट झाल्यात. सिगारेट सुटली की वास-चव परत येते, भूक वाढते, आणि पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वजन चढतं. वजनाबरोबर बीपीही चढू शकतं. त्यात तू पुण्यात राहूनही कोल्हापुरी जीभ घेऊन फिरतोस. तांबडा-पांढरा रस्सा खा की, कोण नको म्हणतंय, पण ताटातला पापड, लोणचं, वरून घेतलेलं मीठ आवर. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे स्वयंपाकातलं धरून चहाचा एक चमचाही नाही. इथं असतास तर रोज संध्याकाळी रंकाळ्याला फिरायला ओढून नेला असता.

आणि खरा फायदा बीपीच्या मशीनवर दिसतच नाही. सिगारेट रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडवते, रक्ताच्या गुठळ्या व्हायला मदत करते. बीपी असलेल्या माणसाला हे दुहेरी दुखणं. सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो, पंधरा वर्षांत तो न ओढणाऱ्याच्या जवळपास जातो. म्हणून आकडा तसाच राहिला तरी तुझा सौदा फायद्याचाच आहे.

फक्त दोन गोष्टी करू नकोस. सिगारेट सुटली म्हणून बीपीची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. आमच्याकडं असे बहाद्दर कमी नाहीत. आणि सिगारेटच्या जागी तंबाखू-चुना मळत बसायचं नाही, निकोटीन तेच. तलफ अनावर झाली तर डॉक्टरांना निकोटीनच्या च्युइंगमबद्दल विचार, नाहीतर सरकारी क्विटलाइनला फोन लाव, १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत.

घरी मशीन घे, दंडाला पट्टा बांधायचं घे, मनगटाचं नको. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, चहाच्या आधी, पाच मिनिटं शांत बसून आकडे लिही आणि तो कागद डॉक्टरांना दाखव. मलाही फोटो पाठव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
पक्या