नीले, आईची जर वाजली

प्रिय नीलू,

तब्येती सगळ्यांच्या बऱ्या, ह्यांची शुगर आहे तशीच. व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यात सांगून जमणार नाही म्हणून एकदाच लांबलचक टाइप करतेय, शिव्या नंतर दे.

आईची ती वांगी रंगाची महेश्वरी आठवते? गॅदरिंगला आधी मी नेसले, मग तू, आणि मग पदरावर चहा. डाग अजून आहे. कोणी पाडला यावर मी आता भांडत नाही (तूच). तर आमची इरा परवा जेल रोडवरून मल्टीमीटर (करंट जातो का ते वाजून सांगणारं यंत्र) घेऊन आली आणि पदराच्या दोन टोकांना दोन पिना टेकवल्या. टीईई! आई लगेच, बघ, म्हणत होते ना खरी चांदीची जर आहे. अगं, तांब्याची टेस्टेड जरपण तशीच वाजते, पण म्हातारीचा आनंद कशाला घालवू, गप्प बसले.

आता कार्टीला कॉलेजच्या शोसाठी असं हवंय की पदराला हात लावला की ब्लाउजच्या बाहीवरचे एलईडी लागले पाहिजेत. म्हणे अमेरिकेतल्या एमआयटीवाल्यांनी नव्वदच्या दशकात भारतातलंच, तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेल्या रेशमाचं ऑर्गेंझा कापड घेऊन सर्किटं केली होती, मग आजीच्या साडीला काय होतंय?

ब्लाउजवर काय वाट्टेल ते करू दे. तो करंट वाहणारा स्टीलचा धागा सुईत ओवला की तंतू सुटतात, म्हणून मी बॉबिनमध्ये भरून वर साधा दोरा लावून दिला, मस्त चालला. सर्किट अस्तरावर घे, एलईडी चालवणारं ते छोटं बोर्ड टिचबटणांनी लाव म्हटलं, त्यातून करंटही जातो आणि धुताना काढता येतो. तर म्हणे सरांनीपण हेच सांगितलंय. म्हणजे माझी रामबागेतली इतक्या वर्षांची शिलाई शून्य.

अडलंय ते पदराशी. जरीचे धागे सगळे एकमेकांना टेकलेले, अख्खा पदर एकच वायर, त्यामुळे प्लस-मायनस त्यात खेळवता येत नाही, नुसता स्पर्श ओळखता येतो. पण त्यासाठी बोर्डापासून एक टाका पदरात घालावा लागणार, आणि जुन्या रेशमाला भोक पडलं की बुजत नाही गं. ते पण कशासाठी? गूगल-लिव्हाइसचं ते जॅकेट, बाही चोळली की फोन चालायचा, २०१७ मध्ये ३५० डॉलरला आलं आणि २०२३ मध्ये ॲपच बंद, आता नुसतं जॅकेट. तसं उद्या बोर्ड बिघडलं की आईच्या साडीत स्टीलचा धागा लोंबकळत राहणार. हे सगळं बोलले तर इरा म्हणते, मम्मी, तू जन्मभर खांद्यावर पिना टोचल्यास तेव्हा भोकं दिसली नाहीत? काय बोलणार भिया! आता तिचं म्हणणं, खांद्याची पिनच वायर करू, जुन्याच भोकातून. ती तिथे जरीला नीट टेकेल का, मला शंका आहे. आणि शॉक लागेल म्हणून आई वेगळीच घाबरलीय, तीन व्होल्टचा बटण सेल आहे हे शंभरदा सांगून झालं.

साडी तुम्हा दोघींची असं आईच म्हणालेली, म्हणून तुला विचारतेय. पिन चालेल, की नाहीच म्हणू?

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? सासूबाईंचा गुडघा? मन्याला नोकरीबद्दल अभिनंदन सांग, फोन करतेच.

रविवारच्या आत कळव. आईला मात्र फोन करू नकोस, ती रडून तुला फितवेल.

तुझी,
वैशू