गिरगावातल्या फ्रेमवाल्या अण्णांना

प्रिय अण्णा,
सा. न. वि. वि.

मोबाइलवर तुम्ही फक्त नातवाचे फोटो बघता, त्यामुळे हे पत्र सूनबाईंनाच वाचून दाखवावं लागेल. नावं लिहीत नाही, तुमचं नाही आणि दुकानाचंही नाही. ज्यांनी तुमच्याकडे फ्रेमा केल्यात त्यांना बरोबर कळेल.

साहेबांनी त्या दिवशी सोनेरी पट्टीवर बोट ठेवून "ही लावा" म्हटलं. तुम्ही पंचेचाळीस अंशात कोपरा कापत होतात. हात थांबला नाही की मान वर झाली नाही. मलाच विचारलंत, "चित्र तुझं ना? मग तू बोल." माझ्या तोंडून आवाज फुटायला बराच वेळ लागला, तोवर तुमचा दुसरा कोपराही कापून झाला होता. मी म्हटलं, "साधं सागवान." तुम्ही लिहून घेतलंत. आभार त्याचे मानायचे आहेत.

साहेब म्हणजे माझा जोडीदार, हे तुम्ही कधीच ओळखलं होतं. हुकमी माणूस. बांधकामाच्या धंद्यात उभा जन्म गेलेला, नुसत्या आवाजावर साइट हलवणारा. हॉटेलात मेनूकार्ड त्याच्या हातात, रस्ता ओलांडताना माझं कोपर त्याच्या हातात. आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. दिवसभर कोऱ्या कॅनव्हाससमोर प्रत्येक रेघ स्वतः ठरवून डोकं शिणलं की संध्याकाळी कुणीतरी "ऊठ, हात धू, जेवायला बस" म्हणावं, यात फार सुख असतं. दार लागल्यावरही हुकूम त्याचाच. तिथे मात्र आमचा एक शब्द ठरलेला आहे. मी तो उच्चारला की तो असेल तिथे थांबतो, कारणसुद्धा विचारत नाही. सनईचौघड्यात लागलेल्या किती लग्नांत एवढी सोय असते?

भानगड दाराबाहेर होती. तिथे असा शब्दच नव्हता. चित्र केवढं काढायचं, कुणाला विकायचं, हॉटेलच्या लॉबीत गणपती निळा हवा की केशरी, सगळं तो ठरवायचा. पैसे त्याच्या खात्यात जायचे, कारण मला हिशेब जमत नाही (खरंच जमत नाही). घराचा करार त्याच्या नावावर, विजेचं बिल त्याच्या नावावर. 6 सप्टेंबर 2018 ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 वरच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने आम्ही गुन्हेगार उरलो नाही, तेव्हा मी जे.जे. कला महाविद्यालयाच्या आवारात मित्रांबरोबर नाचलो होतो. पण 17 ऑक्टोबर 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने लग्नाचा हक्क काही दिला नाही. बायकोला निदान पोटगी मागता येते, वारसा सांगता येतो. आमच्यात ज्याच्या नावावर कागद, त्याचं घर. माणूस कितीही जीव लावणारा असो, हुकूम आणि कागद दोन्ही एकाच्याच हातात असले की दुसऱ्याच्या पायाखाली काही राहत नाही.

हे मला तुमच्या बिलबुकाने शिकवलं. पैसे साहेब देत होते, बिल कंपनीच्या नावे करा म्हणत होते. तुम्ही म्हणालात, "पैसे कोणीही द्या, बिल चित्रकाराच्याच नावाने होतं इथे." आणि पुठ्ठा ठोकायच्या आधी प्रत्येक चित्रामागे माझ्याकडून चिठ्ठी लिहून घेतलीत: नाव, साल, तैलरंग की जलरंग. डिंकाचं बोट शर्टाला पुसत म्हणायचात, "ही निघत नाही लवकर."

भूपेन खक्करांच्या 'यू कान्ट प्लीज ऑल' या 1981 च्या चित्राची प्रिंट मी आणली होती, आठवतं? मूळ चित्र लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाकडे आहे. बाल्कनीत पाठमोरा उघडा पुरुष, आणि खाली बाप-लेक-गाढवाची गोष्ट चाललेली. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून बघत बसलात. मी सांगितलं, हा खेतवाडीत वाढलेला माणूस, चार्टर्ड अकाउंटंट, बडोद्याला जाऊन चित्रकार झाला, आपलं पुरुषांवरचं प्रेम त्याने असं रंगवलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "अकाउंटंट ना? मग पैसे स्वतःच सांभाळत असेल." माझ्याबद्दल याहून जास्त काही कधी विचारलं नाहीत. बरंच केलंत.

सोनेरी पट्टीच्या दिवशी गाडीत साहेब ऑपेरा हाउसपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "त्या म्हाताऱ्याने मला हिशेबातच धरलं नाही." आणि थोड्या वेळाने, "तुला खरंच सागवान हवं होतं?" मी विचारलं, आपला शब्द चित्रांच्या बाबतीतही चालेल का? सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी गाडी हलेना. शेवटी म्हणाले, "चालेल. पण जेवायला काय मागवायचं ते मीच सांगणार."

तो शब्द मी त्यानंतर वापरलाय. एकदा तर भर गिऱ्हाइकासमोर. तोंड वाकडं झालं, पण थांबले.

28 ऑगस्ट 2024 ला अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की आमच्यासारख्यांना जॉइंट खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कसलीच आडकाठी नाही. तसं खातं आम्ही उघडलं. फॉर्म अर्थातच साहेबांनी भरला, मी सह्या केल्या. चित्रांचं खातं मात्र माझं एकट्याचं, आणि पासबुक माझ्याच कपाटात. हिशेब अजून चुकतो, तो माझा मी चुकवतो.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं येतोय. माझी जलरंगातली थोडी कामं आहेत, पावसाळा तोंडावर आहे तेव्हा माउंट जाड घाला. साहेबांना त्यांच्या आईचा जुना फोटो दाखवायचाय. ओल लागून तो काचेला चिकटलाय. ओढू नका असं मी त्यांना बजावून ठेवलंय. सुटतो का, ते बघा.

तुमचा,
सागवानवाला