तारीख आधी, मुद्रिते नंतर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१५ ऑक्टोबर जवळ आला की ठाण्यात वाचन प्रेरणा दिनाचे फलक लागतात आणि त्यांतल्या एखाद्यावर तो दिन हमखास 'दीन' झालेला असतो. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे बापुडा. फलक दोन दिवसांत उतरतो, त्याचे फार मनावर घ्यायला नको. पुस्तक मात्र ग्रंथालयाच्या कपाटात पन्नास वर्षे राहते आणि त्यातला 'दीन'ही तितकीच वर्षे राहतो.

१८९३पासून मराठी ग्रंथसंग्रहालय चालवणाऱ्या आणि १९६०, १९८८, २०१० अशी तीन साहित्य संमेलने भरवलेल्या या शहरात लिहिणाऱ्यांची वानवा नाही. निवृत्तीनंतर आठवणी, प्रवासवर्णन किंवा कवितासंग्रह स्वखर्चाने काढणारेही पुष्कळ. पण क्रम उलटा असतो. आधी सहयोग मंदिर किंवा तसेच एखादे सभागृह मिळते, मग पाहुणे ठरतात, पत्रिका वाटल्या जातात आणि त्यानंतर मजकूर अक्षरजुळणीला जातो. प्रकाशनाला वीस दिवस उरलेले असतात. त्यात छपाई आणि बांधणीचे आठ-दहा दिवस वजा केले की मुद्रिते, म्हणजे प्रुफे, तपासायला एक रविवार हाती राहतो, तोही मोबाइलच्या पडद्यावर.

चुका कुठून येतात हे कळले तर निम्मे काम होते. आज बहुतेक लेखक युनिकोडमध्ये, बरेचदा बोलून, टंकलेखन करतात. पाने लावणारा अनेकदा अजून जुन्या फॉन्टात काम करतो आणि मधल्या रूपांतरात मजकूर जखमी होतो. जुन्या फॉन्टांत रफार अक्षरानंतर आणि पहिली वेलांटी अक्षराआधी, म्हणजे डोळ्यांना दिसते त्या क्रमाने साठवलेली असते. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो. म्हणून 'सर्व'चे 'सवर्' होते आणि वेलांट्या पोरक्या होऊन शब्दाच्या दारात उभ्या राहतात. या चुका निदान दिसतात तरी.

न दिसणारी चूक अर्ध्या 'र'ची. 'दऱ्या' लिहिण्याच्या दोन रीती आहेत. 'ऱ' हे वेगळे अक्षर घेऊन त्याचा पाय मोडणे ही एक. साधा 'र', हलन्त आणि त्यामागे पडद्यावर न दिसणारे जोडचिन्ह ही दुसरी. रूपांतरात ते अदृश्य चिन्ह गळले की येऊरच्या दऱ्यांचा 'दर्या' होतो, म्हणजे डोंगरात समुद्र येतो. 'आचाऱ्यांना मानधन दिले' या वाक्यातला स्वयंपाकी 'आचार्य' होऊन बसतो. शब्दतपासणीचे सॉफ्टवेअर इथे गप्प राहते, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत. सगळीकडे एकदम बदल करण्याची सोयही वापरता येत नाही, नाहीतर 'कार्या'चे 'काऱ्या' होईल. 'र्या' आणि 'र्ह' शोधायचे आणि प्रत्येक जागा डोळ्यांनी बघून ठरवायची, याला पर्याय नाही. दोनशे पानांच्या पुस्तकात हे एका संध्याकाळचे काम आहे.

इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये पाने लावणाऱ्याने 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची जुळणीची सोय, निवडला आहे ना, हेही विचारून घ्यावे. तो नसेल तर जोडाक्षरे फुटतात. मजकुराची भाषा हिंदीवर राहिली तर काही फॉन्टांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात.

शुद्धलेखनाबद्दल अनेकांना वाटते की हे पंडितांचे काम. साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२चे चार असे सगळे मिळून अठराच नियम आहेत. दोन-तीन पानांत मावतात. नेहमी घसरगुंडी होते ती दोन जागी. कवी, गुरू यांचा शेवट दीर्घ; पण तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, शब्द समासात आधी आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो, म्हणून कविसंमेलन आणि गुरुकृपा. दुसरी जागा सामान्यरूपाची: विहीर पण विहिरीत, फूल पण फुलात. तत्सम शब्दांना मात्र ही सूट नाही, 'गीतात' हे 'गीतात'च राहते. कथेतले पात्र 'विहिरीवर' जाते की 'विहीरीवर', याने कथा बुडत नाही हे मान्य. पण तिसऱ्या पानावर एक आणि तिसाव्यावर दुसरे दिसले की वाचकाचा विश्वास उडतो. म्हणून पुस्तकापुरता एका पानाचा तक्ता करावा: 'केलं' की 'केले', 'ॲ' कसा लिहायचा, आकडे अंकी की अक्षरी, व्यक्तींची व गावांची नावे. तो लेखक, अक्षरजुळणीकार आणि मुद्रितशोधक या तिघांकडेही हवा.

आता प्रत्यक्ष मुद्रिते. कागदावर छापून घ्यावीत, एकाच बाजूला, रुंद समास ठेवून. पहिल्या वाचनाला माणसे दोन लागतात. एकाने मूळ हस्तलिखितातून मोठ्याने वाचायचे, विरामचिन्हांसकट; दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवून चालायचे. एकट्याने ताडून पाहिले तर दोन ओळींची सुरुवात एकाच शब्दाने झाली की नजर वरून खालच्या ओळीवर उडी मारते आणि मधला मजकूर गळल्याचे कळतच नाही, कारण उरलेले वाक्यही अर्थ देते. तासाला आठ-दहा पाने, तीही पाऊण तासाने चहा घेऊन. लेखकाने हे काम एकट्याने करूच नये. त्याला पानावरचे दिसत नाही, मनातले दिसते.

खुणा लाल शाईने कराव्यात आणि लेखकाला ऐन वेळी सुचलेले बदल निळ्याने, म्हणजे जुळणीची चूक कुणाची आणि वाढीव काम कुणाचे यावरून नंतर वाद होत नाहीत. हंसपद, म्हणजे सुटलेल्या मजकुराची खूण, ओळीत; दुरुस्ती समासात. ओळीच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेली दुरुस्ती हमखास सुटते. दुसऱ्या मुद्रितात फक्त दुरुस्त झालेला शब्द पाहून पुढे जाणे ही सर्वांत महागडी घाई. एक शब्द वाढला की ओळ सरकते, परिच्छेद सरकतो, कधी पान सरकते. दुरुस्तीच्या आधीची आणि नंतरची ओळ वाचलीच पाहिजे. अनुक्रमणिकेतले पृष्ठांक सर्वांत शेवटी लावावेत.

कवितासंग्रहाला एक जादा नजर लागते. कडवे पानाच्या शेवटच्या ओळीवर संपले तर मधली मोकळी ओळ नाहीशी होते आणि पुढच्या पानावर नवे कडवे आहे की जुनेच चालू आहे, हे वाचकाला उमगत नाही. पान एक-दोन ओळींनी आखूड ठेवून कडवे मध्येच मोडावे, म्हणजे ते चालू असल्याचे कळते. गद्याची पाने लावणाऱ्याला हे सुचत नाही; कवीने सांगावे लागते.

छपाईच्या आदेशावर सही करण्याआधी मुखपृष्ठ, कणा, मलपृष्ठ आणि प्रकरणांची शीर्षके एखाद्या तिऱ्हाइताला वाचायला द्यावीत. मोठ्या अक्षरांतल्या चुका सगळ्यात जास्त निसटतात, कारण ती अक्षरे आपण वाचत नाही, चित्रासारखी पाहतो. पृष्ठसंख्याही सोळाच्या पटीत बसते का बघावे. १३१ पाने झाली तर छपाई १४४ची होते आणि तेरा पाने कोरी जातात. थोडी काटछाट केली तर सोळा पानांच्या आठ फॉर्मांत, १२८ पानांत, काम भागते. ऑफसेटवर प्लेट झाल्यानंतर चूक सापडली तर तो अख्खा फॉर्म पुन्हा छापा किंवा शुद्धिपत्र चिकटवा. मागणीनुसार छपाई असेल तर पहिल्या पन्नास प्रतींनंतर फाइल सुधारता येते, पण त्या पन्नास प्रती नेमक्या पाहुण्यांच्या आणि ग्रंथालयांच्या हातात गेलेल्या असतात.

लेखनाला प्रतिभा लागते, मुद्रितांना बैठक, असे म्हणायची पद्धत आहे. ते पूर्ण खरे नाही. आपलेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, संथपणे, स्वल्पविरामांसह ऐकताना जेवढे लेखन सुधारते तेवढे कुठल्या कार्यशाळेत सुधारत नसावे. पाल्हाळ कानाला आधी कळतो.

ठाण्यातल्या ग्रंथालयांना आणि साहित्यसंस्थांना म्हणून एक सुचवावेसे वाटते. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी दोन टेबले आणि चार खुर्च्या द्याव्यात. येणाऱ्याने आपल्या पुस्तकाची पहिली तीस पाने छापून, सोबत मूळ मजकूर घेऊन यावे. निवृत्त शिक्षक आणि वृत्तपत्रांतले जुने मुद्रितशोधक या शहरात राहतात. ते ताडून देतील. तीस पानांत चुकांची जात कळते, पुढची पाने लेखक घरच्यांना घेऊन पाहू शकतो. संस्थांनी पुस्तक प्रकाशनासाठी सभागृह देताना अर्जात एक रकाना वाढवावा: 'अंतिम मुद्रित तपासून झाल्याची तारीख'. तो रिकामा असेल तर कार्यक्रमाची तारीख पुढची द्यावी. आणि पुस्तकात जिथे मुखपृष्ठकार व मुद्रक यांची नावे येतात, तिथे मुद्रितशोधकाचेही नाव असावे.

– एक मुद्रितशोधक, नौपाडा, ठाणे (प.)