सणाची तयारी घरच्या हातांनी : सभासदांना आठवण

सभासदहो, सण तोंडावर आला आहे. हातची सजावट आणि घरचा खाऊ घेऊन सहकुटुंब जमायचं ठरलं आहे, त्याची ही आठवण. विकतचं काही नको. वाकडंतिकडं असलं तरी मुलांच्या हातचं असू द्या.

मिठाच्या कणकेचे आकार करणार असाल तर आजच सुरुवात करा. 2 वाट्या मैदा, 1 वाटी मीठ आणि लागेल तसं, साधारण 1 वाटी पाणी घालून घट्ट मळा. आकार पातळ ठेवा, दोऱ्यासाठी भोक ओलं असतानाच पाडा. वाळायला काही दिवस लागतात; आत ओल असताना रंगवलं तर बुरशी धरते. घरात कुत्रा असेल तर हे आकार उंचावर टांगा, इतकं मीठ पोटात गेलं तर त्याच्या जिवावर बेततं.

कामात आजी-आजोबांना आवर्जून पुढे करा. त्यांच्या हाताचं वळण मुलांना शेजारी बसूनच कळतं.

खाऊच्या डब्यावर घटक लिहाच, विशेषतः शेंगदाणे, सुकामेवा, दूध, गहू, अंडी. मध घातलेलं काही 1 वर्षाखालच्या बाळाला देऊ नका. कात्री आणि डिंक ज्याने त्याने आपापला आणावा.