आधी वात, मग थेंब

मा. संपादक,
स. न.

पावसाळा लागला की आश्रमशाळांतून आणि पाड्यांवरून ‘कान फुटलेल्या’ मुलांची संख्या वाढते. सर्दी होते, मुलं ओढ्यात डुंबतात आणि आधीच भोक पडलेला पडदा पुन्हा वाहू लागतो. घरचे म्हणतात, मोठा झाला की थांबेल. दवाखान्यात गेलं तर बहुतेक वेळा अमॉक्सिसिलीन या प्रतिजैविकाची गोड बाटली हाती पडते. कान नुकताच, म्हणजे १४ दिवसांच्या आत वाहू लागला असेल तर ती योग्यच. त्याहून जास्त दिवस वाहत असेल तर मात्र तिचा फारसा उपयोग नाही. अशा जुन्या कानात बहुधा स्यूडोमोनास हा जंतू असतो. अमॉक्सिसिलीन त्याचं काही वाकडं करू शकत नाही.

जुन्या वाहत्या कानाचा उपचार स्वस्त आहे आणि सरकारी आयएमएनसीआय (नवजात आणि लहान मुलांच्या आजारांवर एकत्रित उपचाराच्या) पद्धतीत तो लिहिलेलाही आहे: कान वातीने कोरडा करा आणि दोन आठवडे क्विनोलोन गटातल्या प्रतिजैविकाचे (उदा. सिप्रोफ्लॉक्सासिनचे) थेंब घाला. प्रत्यक्षात थेंब लिहून दिले जातात, पण वात कुणी करून दाखवत नाही. पूने भरलेल्या कानात टाकलेले थेंब पूवरच तरंगतात आणि मान सरळ केली की बाहेर येतात.

वात अशी करावी. जुन्या सुती साडीचं किंवा धोतराचं फडकं उकळून उन्हात वाळवावं. त्याची बोटभर रुंद पट्टी पिळून समईच्या वातीसारखी निमुळती करावी. देवघरातली कापसाची वात मात्र घेऊ नये. कच्च्या कापसावर मेणाचा थर असतो, त्यामुळे ती तेल पिते, पाणी पीत नाही. पातळ कागद कानात विरघळतो आणि काडीला गुंडाळलेला कापूस पू आत ढकलतो. कानाची पाळी मोठ्या माणसात वर-मागे आणि तान्ह्या मुलात खाली-मागे ओढली की वाट सरळ होते. वात हलकेच, अडेल तिथपर्यंतच घालावी, मिनिटभर ठेवावी आणि ओली झाली की काढून टाकावी. मग नवी घ्यावी. वात कोरडी निघेपर्यंत हेच करायचं, दिवसातून तीनदा. पहिल्या दिवशी एका वेळी पाच-सहा वाती सहज लागतात. म्हणून तर आई कंटाळते. तिला हे आधीच सांगून ठेवलं पाहिजे.

नंतर थेंब. ०.३ टक्के सिप्रोफ्लॉक्सासिनची बाटली मुठीत दोन-तीन मिनिटं धरून कोमट करावी, कारण गार थेंबांनी गरगरतं आणि मूल दुसऱ्यांदा कान पुढे करत नाही. वाहता कान वर येईल असं कुशीवर निजवून तीन-चार थेंब घालावेत, कानाच्या तोंडाशी असलेला छोटा उंचवटा बोटाने चार-पाच वेळा दाबावा म्हणजे औषध आत सरकतं, आणि पाच मिनिटं तसंच पडून राहू द्यावं.

इथे एक साधा हिशेब हुकतो. पाच मिलीच्या बाटलीत साधारण शंभर थेंब. चार थेंब, दिवसातून दोनदा, चौदा दिवस म्हणजे ११२. एकाच कानाला बाटली पुरत नाही, मग दोन्ही कान वाहत असतील तर विचारायलाच नको. बाटली संपली की उपचार संपला, असं घरोघरी घडतं.

बोरिक ॲसिड त्याहून स्वस्त असल्याने अजून वापरात आहे. केनियातल्या शाळांमधल्या चाचणीत (२००५ मध्ये प्रसिद्ध) दोन आठवड्यांनी सिप्रोफ्लॉक्सासिनने ५९ टक्के मुलांचे कान कोरडे झाले, अल्कोहोलमधल्या बोरिक ॲसिडने ३२ टक्के. वाचवलेले पैसे कुठे जातात ते यावरून कळावं. जेंटामायसिन किंवा निओमायसिनचे थेंब पडद्याला भोक असताना टाळावेत, ते आतल्या कानाला इजा करू शकतात. स्टिरॉइड मिसळलेले थेंब महिनोन्‌महिने चालू ठेवले तर बुरशी धरते. लसणाचं तेल, दूध, हायड्रोजन पेरॉक्साइड यांपैकी काहीही घालू नये. अंघोळीपुरता व्हॅसलीन लावलेला बोळा ठेवावा आणि लगेच काढावा. दिवसभर ठेवलेल्या बोळ्याने कान ओलाच राहतो.

पू थोडाच पण कुजका वास मारणारा असेल तर थेंबांवर विसंबू नये. आतल्या हाडाला पोखरणारा कोलेस्टिॲटोमा, म्हणजे कानात वाढलेला कातडीचा गोळा, असू शकतो, त्याला शस्त्रक्रियाच लागते. कानामागे सूज, तोंड वाकडं होणं, गरगरणं, तीव्र डोकेदुखी, उलट्या किंवा मान ताठ होणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठावं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघरमधूनच झाली. त्यातल्या तपासणीच्या यादीत कानाचा संसर्ग आहे. पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं. कान वाहतोय अशी नोंद होते, चिठ्ठी दिली जाते, आणि बऱ्याचदा गोष्ट तिथेच थांबते. चिठ्ठीसोबत दहा मिलीची बाटली द्यावी, शाळेतल्या अधीक्षकांना आणि आशाताईंना वात करून दाखवावी आणि पंधराव्या दिवशी कुणीतरी टॉर्च घेऊन तोच कान पुन्हा पाहावा. तोवर कोरडा झाला नसेल तर मूल कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायला हवं. कोरडा झाला असला तरी पडद्याचं भोक बहुधा राहतंच. त्यामुळे भोक आहे तोपर्यंत वर्गात त्या मुलाला पहिल्या बाकावर, चांगला कान शिक्षकांकडे येईल असं बसवावं.

– कान-नाक-घसा विभागातील एक परिचारिका, पालघर जिल्हा